एकशे बारा चित्रांचा पंचनामा

ती केस विसरायचा मी बराच प्रयत्न केला. ज्या केसेस आठवाव्यात त्या आठवत नाहीत आणि ही काही जात नाही. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत गुन्हेगार मूर्ख असतो आणि अधिकारी हुशार. इथे तसं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी तपासाचं काम बघत होतो. एका सकाळी एक गृहस्थ आले. आनंदनगरच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, अंबरनाथची चाळ सोडून सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलेले. सामान हलवताना त्यांची एक पत्र्याची पेटी गेली होती.

"काय होतं पेटीत?"

"पुस्तिका, साहेब. गाण्यांच्या."

"सोनंनाणं काही?"

"नाही."

"मग मी लिहून काय घेऊ, काका?"

ते न चिडता सांगू लागले. त्यांचे वडील भीमगीतांच्या पुस्तिकांची कव्हरं काढायचे. गायन पार्ट्यांच्या आठ-आठ पानी पुस्तिका, सभेबाहेर सतरंजीवर मांडून विकल्या जायच्या. गाणी पुढे पुन्हा पुन्हा छापली गेली, जुनी कव्हरं मात्र कुणी जपली नाहीत. शिवाय वडील कामगारांसाठी चित्रकथा काढत. मालकाची आणि मुकादमाची टर उडवणाऱ्या. सायक्लोस्टाइल केलेले ते कागद जेवणाच्या डब्यातून कारखान्यात जायचे आणि वाचून झाल्यावर जाळले जायचे. पकडलं तर नोकरी जाणार, म्हणून त्यांवर वडिलांनी कधी नाव घातलं नाही. काकांनी चाळीस वर्षं कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या ट्रंकेतून एकेक प्रत मागून आणली होती. पुण्याच्या एक प्राध्यापक बाई पुढच्या महिन्यात सगळ्याचे फोटो काढायला येणार होत्या. पुस्तक निघणार होतं आणि त्यात वडिलांचं नाव पहिल्यांदा छापलं जाणार होतं.

"दुसरी प्रत कुठंच नाही, साहेब."

मी गुन्हा दाखल केला आणि लगेच पहिली चूक केली. त्यांच्या जावयाला उचलून आणलं. कारण एकच, तो फार बोलत होता. तीन तास चौकशी केली. शेवटी त्याने आमच्या हवालदाराला पेन्शन प्लॅन समजावून सांगितला, तेव्हा कळलं की तो विमा एजंट आहे आणि बोलणं हा त्याचा धंदाच आहे.

खबर मिळाली ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका फोटो-फ्रेमवाल्याकडून. जुना ओळखीचा सिंधी माणूस. फोनवर म्हणाला, "साईं, एक टेम्पोवाला पुराने कागज दे गया है. हॉटेलवाले दीवार पे लगाते हैं ना, वैसे. अच्छी चीज है, पर मेरेको लफडा नको."

टेम्पोवाला तोच, ज्याने काकांचं सामान हलवलं होतं. त्याची चौकशी पाच मिनिटांत संपली.

"पेटी का उचललीस?"

"जड होती, साहेब. वाटलं काहीतरी असेल."

"उघडल्यावर?"

"पोपट झाला ना."

"मग परत का नाही दिलीस?"

"परत द्यायला गेलो असतो तर चोर नसते बोलले?"

मी त्याच्यावर ओरडलो.

एकूण एकशे बारा प्रती मिळाल्या. एकही फाटली नव्हती. फ्रेमवाल्याने प्रत्येक प्रत प्लॅस्टिकमध्ये सपाट ठेवली होती. चोराच्या आणि दुकानदाराच्या हातून सुखरूप सुटलेला माल आता माझ्या हातात आला.

त्याआधी एका केसमध्ये कोर्टाने मला झाडलं होतं. जप्त वस्तूंवर वेगवेगळी लेबलं नव्हती, ओळख पटत नाही म्हणून आरोपी सुटला होता. या वेळी मी पक्कं ठरवलं होतं. प्रत्येक प्रतीवर वेगळं लेबल, त्यावर दोन्ही पंचांच्या सह्या, माझी सही, लाखेचं सील. काका माल ओळखायला आले होते, ते दारातच थांबले.

"साहेब, एकेक पाकिटात घालून पाकिटावर लेबल लावलं तर?"

"पाकीट बदलता येतं, काका."

"मग आधी बाईंना फोटो काढू द्या."

"आता हा कोर्टाचा माल आहे. कायदा मला शिकवू नका."

हवालदाराने डिंकाची बाटली हातात धरून विचारलं, "साहेब, मागं लावू की पुढं?" मी उलटून पाहिलं. मागच्या पानावर गाणं छापलेलं होतं. म्हटलं, मजकूर झाकायचा नाही, पुढे नुसतं चित्र आहे, तिथे लाव. चित्रकथांना दोन्हीकडे चित्रंच होती. तिथे मधोमध लावली. सगळ्यांवर लाख ओतली. मग सगळा ढीग टेबलावर ठेवून मागे उभं राहून फोटो काढला. तो पेपरात आला. त्यात मी बरा दिसतो.

आरोपीला शिक्षा लागली. न्यायाधीशांनी लेबलांचा निकालात उल्लेख केला. मला वरिष्ठांचं प्रशंसापत्र मिळालं.

दोन पावसाळे मुद्देमाल खोलीत काढल्यावर कोर्टाच्या हुकमाने माल परत द्यायचा झाला. काकांनी माझ्यासमोर पहिलं लेबल नखाने उचललं. लेबलाबरोबर चित्र निघून आलं. दुसऱ्याला त्यांनी ओला रुमाल लावला, तर शाई पसरली. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. लाखेखाली कागद करपून तपकिरी झाला होता.

पावतीवर छापील मजकूर होता, 'माल सुस्थितीत मिळाला.' त्यांनी 'सुस्थितीत' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे खोडू का?"

"खोडलंत तर पुन्हा कोर्टात जावं लागेल, काका. पुन्हा तारखा."

त्यांनी सही केली. पेटी उचलताना थांबले. म्हणाले, "साहेब, पंचनाम्यात तुम्ही प्रत्येकाचं वर्णन लिहिलंय ना? त्याची नक्कल मिळेल? बाई म्हणाल्या, निदान कशावर काय होतं हे कळलं तर तेवढं तरी छापू."

नक्कल मी स्वतः काढून दिली. त्यांनी चष्मा लावला. अनुक्रमांक एक, जुनी पुस्तिका, वर चित्र आहे. अनुक्रमांक दोन, जुनी पुस्तिका, वर चित्र आहे. ते एकशे बारापर्यंत वाचत गेले, मधलं एकही न गाळता. मग कागदाची नीट घडी करून म्हणाले, "बरं, साहेब." ते पुस्तक निघालं नाही.

या केसने काय शिकवलं, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायचं असतं. पुढच्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगेन की माल कुणाचा आहे ते विसरून तो जप्त करू नका. मला ते कळलं तेव्हा उपयोग संपला होता. निवृत्तीनंतर एकदा वही घेऊन बसलो, म्हटलं आठवेल तेवढं लिहून सोनिवलीला नेऊन देऊ. एकशे बाराच्या एकशे बारा प्रती मी हातात घेऊन पाहिल्या होत्या, शाबूत असताना, भर दुपारच्या उजेडात. त्या तशा पाहणारा मी जवळजवळ शेवटचा माणूस. एकही चित्र आठवलं नाही. लेबल कुठे बसेल, एवढंच मी पाहत होतो.