नळीला हात लावायचा न्हाई

नांदूरघाटच्या फाट्यावर गुफरानभाईंचं पत्र्याचं शेड आहे. एका अंगाला त्यांचं बॅटऱ्यांचं काम आणि दुसऱ्या अंगाला शिवशंकरचं पंक्चरचं. गुफरानभाई चिडले नाहीत असा दिवस फाट्यावर कुणाला आठवत नाही. लोक बॅटरीत बोअरचं पाणी ओततात म्हणून ते चिडायचे. कुणी जारचं गार पाणी ओतून वर तोंड करून सांगायचा, "फिल्टरचं हाय चाचा," मग तर विचारूच नका. लाईट गेली की चिडायचे, आणि आली की "आता कावून आली?" म्हणून परत चिडायचे.

पण त्यांच्या नळीला कुणी हात लावला की मात्र खैर नसायची. नळी म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची ताकद मोजायचा हायड्रोमीटर. काचेची लांब नळी, वर रबरी फुगा आणि पोटात आकड्यांची पट्टी असलेली एक छोटी काचेची कांडी. फुगा दाबून ॲसिड ओढलं की ही कांडी त्यात तरंगते. वर राहिली तर बॅटरी भरलेली, खाली बुडाली तर रिकामी. बाराशे पन्नासच्या पुढं आकडा असला की गुफरानभाई गिऱ्हाइकाला चहा पाजायचे, अकराशेकडं घसरला की शिव्या.

ही एवढीशी वस्तू घेताना त्यांनी बीडच्या दुकानदाराला रडकुंडीला आणलं होतं. खोक्यातल्या सगळ्या नळ्या बाहेर काढायला लावल्या, नव्या ॲसिडचा एक कॅन उघडायला लावला आणि एकेक नळी त्यात बुडवून बघितली. एकीतली आकड्यांची कागदी पट्टीच खाली सरकलेली. दुसरीची कांडी काचेला चिकटून बसायची, टिचकी मारल्याशिवाय हलायची नाही. तिसरीचा फुगा इतका कडक की दाबताना अंगठा दुखावा.

"चाचा, उन्नीस-बीस चालतंय की," दुकानदार वैतागून म्हणाला.

"कॅन एक, ॲसिड एक, आन् ह्या तिघी तीन आकडे सांगतात! तुला चालत आसंल, मला न्हाई चालत."

शेवटी एक पसंत पडली. तेव्हापासून तिचे जे लाड सुरू झाले, तसे त्यांनी घरात बायकोचे, जैनबबीचेही कधी केले नव्हते, आणि हे जैनबबी स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. काम झालं की नळीत बॅटरीचं साफ पाणी ओढून ती धुवायची. आडवी ठेवायची नाही, खिळ्याला उभी टांगायची. उन्हात न्यायची नाही, फुग्याचं रबर तडकतं. बॅटरीत नुकतंच पाणी भरलं असेल तर लगेच बुडवायची नाही, ते मिसळू द्यायचं. आणि दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही. शिवशंकर दर खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायचा, तुमची-आमची असं न करता. चार्जरला हार, जॅकला हार, पान्यांना हळद-कुंकू. नळीपुढं फक्त एक झेंडूचं फूल ठेवायचा, लांबूनच. त्याला माहीत होतं.

या श्रावणात शिवशंकरचं उजवं अंग गेलं आणि तो खाटेला खिळला. महिन्याभरानं त्याची बायको वत्सलाबाई शेडवर आली. "भाईजान, पंक्चरचं मी बघते," म्हणाली. "मला येतंय. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं नुसती हवा भरत बसले व्हते का?"

गुफरानभाई कोपऱ्यातल्या जॅककडं बघायला लागले. मोटारसायकलचं ठीक आहे, पण ट्रॅक्टरचं चाक ही बाई काढणार कशी? तिकडं सत्यम नावाचा एक पोरगेला गडी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायला तीच जागा मागत होता. जागा गुफरानभाईंची, म्हणजे हो-नाही त्यांनीच करायचं. शिवशंकरच्या घरात दुसरी कमाई नव्हती, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं, म्हणूनच तर त्यांची जास्त चिडचिड व्हायची. शिवाय समोरचा कोपरा रिकामा बघवत नव्हता.

"दसऱ्याला सांगतो वैनी," ते म्हणाले. "तवर करा तुमी."

नवमीला गुफरानभाई एका लग्नासाठी परळीला गेले होते. दसऱ्याच्या सकाळी येऊन बघतात तर शेड झाडलेलं, चार्जरला हार, पान्यांना हळद-कुंकू, नळीपुढं फूल. त्यांना जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं दहा मिनिटंसुद्धा टिकलं नाही, कारण हनुमान आला.

हनुमानचा ट्रॅक्टर ऊसतोडीची टोळी घेऊन त्याच दिवशी कारखान्याला निघायचा होता. ट्रॅक्टर परवापासून शेडपुढंच उभा होता, आता ट्रॉलीत भांडीकुंडी, शेरडं, लेकरं, सगळं भरून तयार. बॅटरीही परवापासून गुफरानभाईंच्या चार्जरवर होती. तेवढी बसवायची आणि ट्रॉलीच्या एका चाकाची हवा गळत होती ती बघायची, एवढंच काम. वत्सलाबाईनं पदर खोचला आणि ती चाकाकडं वळली.

गुफरानभाईंनी नळी बुडवली. साडेअकराशे.

"हात् तिच्या!" दुसरा सेल, साडेअकराशे. तिसरा, तेच. "हन्म्या, काय ओतलंस बे हिच्यात? बोअरचं ओतलंस ना? खरं सांग!"

"न्हाई ओ चाचा, आईची आन!"

"मग लाईट गेली आसंल. ह्या लाईटवाल्यांच्या..." पुढचं जाऊ द्या. त्यांनी शेजारची बॅटरी बघितली, तीही खाली. तिच्या पलीकडची, तीही. गुफरानभाईंनी चार्जरला लाथ घातली, हार गळून पडला. मग हार पडला म्हणून परत चिडले.

तेवढ्यात हनुमानला टोळीच्या मुकादमाचा, नाथाचा फोन. घटकाभरात निघत नसशील तर टोळी दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडतो म्हणाला. हनुमानचा चेहरा उतरला. टोळी गेली म्हणजे अख्खा हंगाम गेला.

"बसवून चालू करून तर बघा की," चाकापाशी बसलेली वत्सलाबाई म्हणाली.

"वैनी, तुमी तुमचं बघा! बॅटरी मेली हाय. नळी खोटं बोलत न्हाई!"

"चाक झालंय माजं," ती म्हणाली. खरंच झालं होतं. जॅक काढून ती चाकाचे नट आवळत होती. गुफरानभाईंचं ओरडणं संपायच्या आत बाईनं चाक काढून, ट्यूब जोडून परत बसवलंसुद्धा होतं. त्यांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

हनुमाननं मात्र वत्सलाबाईचंच ऐकलं. बॅटरी उचलली, वायरी जोडल्या, चावी फिरवली. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात धडाडून सुरू झाला. ट्रॉलीतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. "चाचा, येतो!" म्हणत हनुमान धूर सोडत गेला.

गुफरानभाईंनी एकदा त्या धुराकडं, एकदा हातातल्या नळीकडं बघितलं. मग झपाझप आत गेले, नव्या ॲसिडचा सीलबंद कॅन फोडला आणि नळी बुडवली. साडेअकराशे! कॅनमधलं कोरं ॲसिडसुद्धा उतरलं? आता तर चिडायलाही जागा उरली नव्हती. त्यांनी नळी धुतली, फुगा काढला आणि कांडी तळहातावर घेतली. कांडीच्या बुडाशी वजनासाठी छर्रे असतात, ते लाल लाखेनं बसवलेले. त्या लालावर बोट फिरवलं तर बोट चिकट झालं. वास घेतला. तेल. तेलात कालवलेला शेंदूर, चांगला जाडसर थापलेला. लालावर लाल, दिसणार कसा? आणि त्या वजनानं कांडी बुडणार नाही तर काय होईल!

"वैनी!" पत्रा हादरला. "हे कुणी केलं?"

वत्सलाबाई हात पुसत आली. कांडी बघितली. "मीच लावला. कुंकू काचेवर टिकंना, मग शेंदूर कालवला."

"पण आत? आत कावून?"

"वरनं काय लावायचं भाईजान? काम तर ही आतली करती." मग खालच्या आवाजात म्हणाली, "हे हिला नुसतं फूल ठेवायचे, मला वाटलं तुमाला राग यील म्हणून भीत आसतील. म्हणून यंदा नीट केली पूजा. चुकलं का?"

हनुमानचा हंगाम जाता जाता वाचला होता, तो हिच्यामुळंच जाणार होता आणि हिच्यामुळंच वाचला होता. आता माणसानं चिडावं तरी कुणावर? गुफरानभाई खाली बसले आणि चिंधीनं कांडी पुसायला लागले. पुसलेली कांडी नळीत घातली, कॅनमध्ये बुडवली. बाराशे पन्नास.

वत्सलाबाई अजून उभीच होती. आज दसरा होता आणि तिला उत्तर हवं होतं.

"ऐका," गुफरानभाई नळीकडं बघतच खेकसले. "पुढच्या नवमीला टिळा बाहेरनं लावायचा. नळीला. आतल्या कांडीला न्हाई. समजलं?"

"पुढच्या नवमीला?"

"मग आता दर साली नवीन माणसाला शिकवत बसू का मी? आन् तो सत्यम आला तर त्याला सांगा, जागा न्हाई."

पडलेला हार उचलून वत्सलाबाईनं चार्जरवर घातला, नीट केला. मग म्हणाली, "घरी यांना काय सांगू?"

"सांगा त्याला," गुफरानभाईंनी नळी खिळ्याला टांगली. "म्हणावं, नळीच्या बाबतीत तुजी बायको तुज्यापरीस वाईट हाय."