तृणमणी

हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांतच औरंगाबादच्या शाळांतून उर्दू माध्यम मागं पडलं. विज्ञान शिकवणारे मोहियोद्दीन मास्तर तेव्हा चाळिशीत होते. प्रयोगात हात बसलेला, पण मराठीत जीभ अडखळायची. पोरं हसायची.

"राजीनामा देतो," एक दिवस ते बायकोला म्हणाले. "हैदराबादला भावाकडं जाऊ."

ताहेरा फर्दापूरची. शेजारणींच्या ओट्यावर वाढलेली, त्यामुळं मराठी तिला घरचीच. ती म्हणाली, "उद्याचा धडा रोज आधी मला शिकवा. मला कळला तर पोरांनाबी कळंल."

तेव्हापासून भाकरी थापता थापता ती विज्ञान ऐकू लागली. "पाणी पडलं नाय, सांडलं म्हणा," असं मधेच सुधारायची.

विजेच्या धड्याला मास्तर अडले. 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द जुन्या ग्रीक 'इलेक्ट्रॉन'वरून आला आणि त्याचा अर्थ काहरुबा, म्हणजे जुन्या झाडांच्या चिकाचा दगड झालेला पिवळा खडा, एवढं त्यांना ठाऊक होतं. ताहेराची जपाची तसबी त्याच पिवळ्या मण्यांची होती. पण काहरुबाला मराठीत काय म्हणतात, ते तिलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्कृतच्या अनंतरावांना विचारलं.

"तृणमणी," अनंतराव म्हणाले. "तृण म्हणजे गवत. गवत ओढणारा मणी."

मास्तर म्हणाले, "फारसीतबी हेच आहे, अनंतराव. काह म्हणजे गवत, रुबा म्हणजे ओढून नेणारा."

"म्हणजे दोघांनी एकच गंमत पाहिली की," अनंतराव हसले.

वर्गात मास्तरांनी त्या ग्रीक शब्दाची गोष्ट सांगत तसबीचा मणी लोकरी शेरवानीवर घासला आणि गवताच्या भुशाजवळ नेला. काड्या टुणकन मण्याला चिकटल्या. पोरं बाकांवरून पुढं झुकली.

"ग्रीकांनी विजेला मण्याचं नाव दिलं का, सर?" एका मुलीनं विचारलं.

"त्यांनी फक्त मण्याला नाव दिलं. विजेनं ते पुढं फार उशिरा उचललं."

घरी ताहेरानं हळूच विचारलं, "हसली का पोरं?"

"हसली. मी मणीला मनी म्हटलं."

"जीभ मागं वळवा. मणी."

"मनी."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग मास्तरही हसले, आणि हैदराबादचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. ते त्याच शाळेतून निवृत्त झाले. तोवर दहावीचं सगळं विज्ञान ताहेराला तोंडपाठ झालं होतं.