किंकाळी कुणाची?

इमारतीत त्यांना किंकाळीबाई म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलं होतं. नव्या भाडेकरूचं सामान अजून जिन्यात असायचं, तेवढ्यात बाई दार उघडून विचारायच्या, "तो जुना भुताचा सिनेमा पाहिलाय ना? विहिरीपाशी नायिका किंचाळते बघा. ती मी." भाडेकरू बिचारा त्यांच्या चेहऱ्यात नायिका शोधू लागे. "चेहरा तिचा हो! गळा माझा!" बाई खेकसायच्या, आणि शेजारधर्म तिथेच आटोपायचा.

खोटं नव्हतं ते. तरुणपणी बाई स्टुडिओच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायच्या. ऐन वेळी नायिकेचा घसा बसला आणि ध्वनिमुद्रकाने दिसेल त्या बाईला धरून माइकसमोर उभं केलं. एकच किंकाळी, पण थिएटरात लोक खुर्चीवर पाय घेऊन बसले. पडद्यावर नाव अर्थातच नायिकेचं. ती पुढे प्रत्येक मुलाखतीत "ती किंकाळी माझ्या आत्म्यातून आली" असं सांगायची आणि इकडे बाई टीव्हीला उशी फेकून मारायच्या.

आता त्याच सिनेमावर मालिका निघाली होती. पुढची गोष्ट नव्हे, आधीची. भूत हे भूत होण्यापूर्वीची.

"भूत होण्यापूर्वी भूत काय करायचं हो आई?" सुनेने विचारलं. "क्लासला जायचं?"

"सासूला छळायचं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर भूत झालं."

मालिकेच्या तरुण दिग्दर्शकाला त्या जुन्या ध्वनिमुद्रकाकडून खरी हकिकत कळली आणि त्याने फोन केला. किंकाळी तीच हवी, पण गोष्ट आधीची, म्हणून जरा कोवळी हवी. गोष्ट मागे गेली असली तरी बाई पुढेच गेल्या होत्या, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. बाईंची अट एकच. "पडद्यावर माझं नाव पाहिजे." किंकाळी जमली तर नाव, असं ठरलं.

स्टुडिओत गेल्या त्या सुनेला घेऊनच, तिच्या हातात गरम पाण्याचा थर्मास. आत सोफ्यावर साक्षात नायिकाबाई चहा पीत बसलेल्या! मालिकेत भुताच्या आजीचं काम होतं त्यांना.

"अगं, तू आहेस अजून?" नायिकाबाई म्हणाल्या.

"तुझ्या आधी जायची नाही मी. निश्चिंत राहा."

काचेच्या खोलीत जाऊन बाईंनी छाती भरून घेतली आणि किंचाळल्या. दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज आला. पुन्हा किंचाळल्या तर मांजरही गेलं, नुसता खोकला उरला.

"हे भूत दम्याने गेलं वाटतं," नायिकाबाई हसल्या.

"मॅडम, तेव्हा काय आठवून किंचाळला होतात?" दिग्दर्शकाने विचारलं.

"आठवायचंय काय? दिवसभर लोक फोनवर शिव्या द्यायचे आणि मी गोड आवाजात म्हणायचे, 'थांबा हं, जोडून देते.' गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. नोकरी सुटल्यापासून बाईंनी काही म्हणता काही गिळलं नव्हतं. वॉचमन, मुलगा, सून, ज्याचं त्याला ताजंताजं मिळत होतं. गळ्यात शिल्लक काय राहणार?

पण हे कबूल करतील तर त्या बाई कसल्या? त्यांनी सुनेला आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत तोफ डागली. "पाणी कोमट आणलंस! मुद्दाम! माझा घसा बसावा म्हणून! माहेरी पाणी तापवायलासुद्धा शिकवलं नाही तुला!"

सुनेने थर्मास माइकशेजारी ठेवला. नेहमीप्रमाणे "हो आई" म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

काय निघालं ते लिहून दाखवण्यासारखं नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे हेडफोन भिरकावले. नायिकाबाईंचा चहा मांडीवर सांडला. आणि किंकाळीबाई, ज्यांनी अख्ख्या गावाला घाबरवलं होतं, त्या भिंतीला चिकटल्या.

"मिळाली!" दिग्दर्शक ओरडला. मग जरा घुटमळला. "आता नाव कुणाचं घालू?"

"घाल गं तुझंच," नायिकाबाई साडी झटकत बाईंना म्हणाल्या. "कुणाला कळतंय? मी नाही का तेच केलं?"

जे ऐकायला बाईंनी आयुष्यभर जीव टाकला, ते असं चहा पुसता पुसता कानावर पडलं. बाईंनी सुनेकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण उलटं लावत होती आणि ते काही केल्या बसत नव्हतं.

"हिचं घाला," बाई एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणाल्या. "पण आडनाव ठळक पाहिजे. ते माझं आहे."

"तुमचं कसलं? सासऱ्यांचं," सून म्हणाली. घसा एकदा मोकळा झाल्यावर आता ती थोडीच थांबते! "माझ्यासारखंच लग्नात मिळालंय तुम्हाला. आणि पाणी उकळतं होतं. जीभ भाजली असती तर सुटलो असतो सगळे."

"आणि मग तुझ्याशी बोललं कोण असतं गं? तुझा तो मुखदुर्बळ नवरा?"

"मुखदुर्बळ कुणी केला त्याला?"

भांडत भांडतच दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. आत अजून चौघांची जागा होती. बाहेर उभे असलेले सगळे जिन्याने उतरले.