पार्सन होपची तांडेलीण

टॅमझिन पास्को प्लायमथजवळच्या साल्टॅशची. तिथल्या बायका वल्ही मारण्यात पुरुषांना पाणी पाजतात, आणि टॅमझिन त्या बायकांना पाणी पाजायची. तिने लग्न केलं जेथ्रोशी. तो ‘पार्थेनोपी’ या लढाऊ जहाजाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम. जहाजाच्या नावाला कुणा खलाशाची जीभ वळेना, म्हणून त्यांनी त्याचं ‘पार्सन होप’ करून टाकलं. टॅमझिन सगळ्यांना सांगायची की मी पार्सन होपकडे राहते, आणि पार्सन म्हणजे पाद्री, त्यामुळे परगावच्या बायका तिला पाद्र्याच्या घरची समजून मान द्यायच्या. तिनेही कधी त्यांची चूक सुधारली नाही.

आरमारात कप्तान येतात-जातात, तांडेल मात्र जहाजाचाच असतो. जहाज लढाईला निघालं की त्यानेही निघायचं. ते बंदरात रिकामं पडलं की त्यानेही तिथेच राहायचं, आणि मग बायकोमुलांनाही जहाजावर राहायची मुभा. प्लायमथच्या गोदीत पार्सन होपची कीर्ती लढायांवरून सांगत. ब्रिटनीजवळ त्याने फ्रेंच जहाजं धरून आणली, जमैकाला पिवळ्या तापात अर्धे खलाशी गेले तरी ते परत आलं, ब्रेस्ट या फ्रेंच बंदरापुढे त्याने हिवाळेच्या हिवाळे पहारा केला. टॅमझिनचा हिशेब उलटा होता. जहाज पराक्रम गाजवत होतं तेव्हा ती भाड्याच्या खोलीत जीव मुठीत धरून बसली होती. फ्रान्सशी तह झाला, डोलकाठ्या उतरवून जहाज टेमर नदीत पडून राहिलं, तेव्हा कुठे तिचा संसार सुरू झाला. तोफांच्या जागी तिने कोंबड्या पाळल्या, मुली वाढवल्या.

त्याच दिवसांत एक सुटलेली कप्पी जेथ्रोच्या तोंडावर आदळली. पुढचे दात गेले, ओठ वाकडा जुळला, आणि खलाशांना हुकूम द्यायची तांडेलाची शिट्टी त्याला वाजेनाशी झाली. शिट्टी गेलेला तांडेल म्हणजे आवाज गेलेला कोंबडा. ही गोष्ट घराबाहेर गेली नाही. टॅमझिनला मात्र मुलींना जेवायला बोलवता बोलवता सगळे इशारे अचूक वाजवता येऊ लागले होते.

मग हुकूम आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम नेणारी जहाजं पकडायला पार्सन होपने निघायचं होतं. जेथ्रो इतकी वर्षं याचीच वाट पाहत होता. चणे आले तेव्हा दात नव्हते, दुसरं काय!

नवे कप्तान फेन्विक पहिल्यांदा जहाजावर चढणार, तेव्हा तांडेलाने शिट्टीने सलामी द्यायची. खलाशी अजून भरायचे होते, त्यामुळे जेथ्रोऐवजी वाजवणारं कुणी नव्हतं. टॅमझिनला पक्कं कळलं होतं, की आज आपण नुसतं गप्प बसलो तर जेथ्रोला जहाजावरून काढतील आणि नवरा कायमचा आपला.

कप्तानाची होडी लागली. जेथ्रोने शिट्टी तोंडाला लावली आणि नुसती हवा फुसफुसली. त्याचे कान लाल झाले. ते टॅमझिनला बघवेना. तिने घरातली जुनी शिट्टी काढली आणि शिडांच्या ढिगामागून अशी सलामी दिली की कप्तान शिडीवरच थबकले. इतकी स्वच्छ शिट्टी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती, असं ते म्हणाले.

जेथ्रोने टोपी काढली. “साहेब, ती मी नाही वाजवली. माझ्या बायकोनं वाजवली.”

“मग गप्प राहायचं होतंस. मला कुठे कळलं असतं?”

“वादळात वर चढलेली पोरं शिट्टीच्या भरवशावर हात सोडतात, साहेब. तिथे ही नसणार.”

कप्तानांनी टॅमझिनला पुढे बोलावलं आणि हा उद्योग कशासाठी, असं विचारलं.

“नवरा माझा आहे,” ती म्हणाली. “त्याची फजिती करायची तर मी करीन. इतरांनी नाही.”

कप्तान हसले, पण तांडेल दुसरा नेमला. जेथ्रोला गोदीच्या दोरखान्यावर काम मिळालं.

जहाज निघालं त्या सकाळी टॅमझिनने त्याला होडीत घालून खाडीच्या तोंडापर्यंत नेलं. शिडं भरली. नव्या तांडेलाची शिट्टी पाण्यावरून आली. “बरा वाजवतो,” जेथ्रो म्हणाला आणि ढसाढसा रडला. तिला वाटलं होतं, आज आपल्याला आनंद होईल. लग्नापासून जे मागत आली ते सगळं समोर बसलं होतं, आणि तिचीच वल्ही थांबली होती.

“दे इकडे,” तो डोळे पुसत म्हणाला. “मी वल्हवतो. चल, घरी जाऊ.”

“घर ते बघ,” ती म्हणाली, “चाललंय.”