बनियनच्या कापडाचे हातमोजे

“हात काढ खिशातून,” मी म्हटलं.

तो माझ्या ओट्यावर बसला होता. कपबशी डाव्या हातात, उजवा हात पँटच्या खिशात. हा माणूस डावखुरा नव्हता.

“बरं शे, अक्का.”

“बरं असेल. काढ.”

त्याने हात काढला. अंगठ्याशेजारची तीन बोटं मधल्या पेरापाशीच संपली होती. कातडी तुकतुकीत, लाल. ती बोटं मी स्वतः कागदावर मापली होती.

मी रडले नाही. मला ते जमत नाही. मी विचारलं, “माझे मोजे घातले होते का?”

“तुझे मोजे चांगले होते,” तो म्हणाला आणि चहा संपवला. मी ते विचारलं नव्हतं.

चोपड्याला आमच्या दोघांच्या घराची भिंत एकच होती. मी चौथी शिकलेली, मशीनवर परकर, झबली शिवायची. तो मेकॅनिक. केळीच्या मळ्यातले पंप, पिठाची गिरणी, माझं शिलाई मशीन, सगळं त्याच्याकडे. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील, पण हा डोळे मिटून काम करायचा. मशीनच्या पोटात बोटं घालायची आणि मान वर करून बसायचं.

“डोळे उघड की मेल्या, त्याचे काही पैसे पडत नाहीत,” मी म्हणायचे.

“डोळाले काय कयस? बोटले कयाले पाहिजे.”

बोटाला कळलं पाहिजे. हे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. टरबूज घेताना, चिमणीची वात वर करताना, लग्नात वरण वाढतानासुद्धा.

पुढे तो फौजेत गेला आणि उत्तरेकडे बर्फात गाडी चालवायला लागला. त्या गाडीला चाकं नसतात, हे त्याने गल्लीत सांगितलं तेव्हा सगळे हसले. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरता पट्टा, हँडल फटफटीचं. बर्फावर पळते. आम्ही बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, भुशात गुंडाळलेला.

ऐंशीनंतरच्या एका दिवाळीत तो सुट्टीवर आला आणि म्हणाला, “अक्का, पातळ हातमोजे पाहिजेत.”

“एवढ्या थंडीत पातळ?”

मग त्याने समजावलं. तिकडे जाड मोजे मिळतात, आत घालायला लोकरीचे पातळही मिळतात. त्याच्याकडे पातळाचा एकच जोड चांगला उरला होता, त्याला जास्तीचा हवा होता. जाड मोज्यात अंगठ्याला हँडलावरची रेस कळत नाही. गाडी बिघडली तर जाड मोजा काढावाच लागतो, आणि आत पातळ नसेल तर उघडं बोट लोखंडाला चिकटून कातडी निघते.

आम्ही जळगावला गेलो. तीन दुकानं झाली. स्कूटरवाल्यांचे रेक्झिनचे मोजे, कानटोपीबरोबर मिळणारे लोकरीचे जाडजूड मोजे. हा प्रत्येक मोजा घालायचा, डोळे मिटायचा आणि दुकानदाराच्या काचेवर माझी शिवणाची सुई ठेवून ती उचलायला बघायचा. सुई उचलली जाईना.

तिसरा दुकानदार वैतागला. “नवरदेव, मोजे बघताय का बायको?”

“बायको डोळे उघडे ठेवून करीन,” हा म्हणाला.

परत येताना बसमध्ये मीच म्हटलं, “मी शिवते. बनियनच्या कापडाचे.”

घरी वर्तमानपत्रावर त्याचा हात ठेवला, पेन्सिल फिरवली. पाच बोटं, लांबट, नखांत ग्रीस. दोन जोड शिवले, शिवण बाहेरून घेतली, आत टोचू नये म्हणून. त्याने घातले, डोळे मिटले, ओट्यावरची सुई पहिल्या झटक्यात उचलली.

“कयनं, अक्का! बोटले कयनं!”

मला फार बरं वाटलं. आता सांगते, कुठे चुकलं ते. आमच्या भागात सगळ्याला कापूस. कान दुखला, कापूस. जखम झाली, कापूस. पोर जन्मलं, कापसाची दुपटी. माणूस मेला तरी नाकात कापूसच. कापूस थंडीत दगा देईल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार? त्याच्याही आलं नाही. तो केळीच्या गावचा असला तरी दुलई कापसाचीच पांघरून वाढला होता.

बर्फात बोटं गेल्यावर फौजेतून सुटून तो साक्रीला गेला आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. भाग विकायचा, बसवून द्यायचा नाही. इकडे माझे मोजे खरंच चांगले होते का, हे मी वर्षभर घोळवत बसले. शेवटी घरात राहिलेला एक तुकडा शिवून मोजा केला, एक लोकरीचा घेतला, दोन्ही ओले करून जळगावच्या बर्फाच्या कारखान्यात नेले.

“आजी, मोज्यांना ताप आला का?” तिथला माणूस म्हणाला.

“तुझं काम कर. हे लादीवर ठेव.”

बाजार करून आले. लोकरीचा मोजा गार होता, पण वाकत होता. माझा पापडासारखा कडक झाला होता. बोट वाकवलं तर कडकन आवाज आला.

दुसऱ्या दिवशी साक्रीची बस धरली आणि तो मोजा, आता नुसता ओला, त्याच्या गल्ल्यावर टाकला.

“खरं सांग.”

त्याने मोजा पिळला, खिळ्याला अडकवला. मग सांगितलं. गाडीमागे घसरगाडी बांधलेली, तिच्यावर एक आजारी जवान होता. वाटेत इंजिन बंद पडलं. त्या जवानाचे हात निळे पडले होते. याने आपले लोकरीचे पातळ मोजे काढून त्याला घातले, आणि स्वतः माझे घातले. तळहाताला घाम आलेला, ते ओले झाले. जाड मोजे बाजूला ठेवून याने कार्बोरेटर उघडला.

“ओलं सुती थंडीत कडक होतं, हे तुला तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

“मग माझे त्याला का नाही घातले?”

“तो मेला असता.”

त्याने खिळ्यावरचा मोजा सरळ केला. मग म्हणाला, “आणि परक्याला कसे देऊ, अक्का? मापाचे होते.”

“बोटाला कळत होतं का तरी?”

“आधी कळत होतं. मग कळेना, तेव्हा डोळे उघडले. पाहून पाहून स्क्रू बसवला. गाडी चालू झाली.”

मी चहा घेतला नाही. परतीची बस होती.

तीन-चार वर्षांनी त्याला कावीळ झाली आणि तो गेला. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा गेले नाही. गुडघे दुखत होते, आणि जाऊन काय करायचं होतं?

माझ्याकडे तो वर्तमानपत्राचा कागद आहे, पिवळा झालाय. त्यावर पाच बोटं आहेत, पूर्ण.

त्या साक्रीच्या फेरीनंतर दर दिवाळीला एक पोस्टकार्ड येतं, मोडक्या हिंदीत. त्या जवानाला याने माझाच पत्ता दिला होता, स्वतःचा नव्हे. शेती आहे, दोन मुली आहेत, दोन्ही हात चालतात, असं लिहितो. हा गेल्याचं मी त्याला कळवलं, तरी कार्ड येतंच.

तो जवान जगला.