गळाचा काटा चेपणारे दळवी

उशिरा लिहितोय, माफ करा.

दळवी गेले आणि आमचं बावखल शेवाळाने पुन्हा हिरवं झालं.

त्यांना जाऊन महिना उलटला. तेराव्यालाच लिहायचं होतं. पण माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यात मोबाइलवर अक्षरं लवकर सापडत नाहीत. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर दळवी वहिनींना वाईट वाटेल, ही धास्ती.

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या वसईजवळच्या उमेळ्यात आता वाड्या थोड्या आणि बिल्डिंगी जास्त. आमचं बावखल अजून आहे. त्याच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये दळवी राहायचे.

रिटायर झाल्यावर एक दिवस खांद्याला लांब पिशवी लावून कुंपणाशी उभे राहिले.

"नाना, तुमच्या बावखलात गळ टाकू का?"

"टाका. पन मासे नेऊ नका."

"नेत नाही. बघतो आणि सोडतो."

मला वाटलं, हा माणूस एक तर थापाड्या आहे, नाही तर येडा.

त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि गळाचा उलटा काटा चेपून सपाट केला. म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही.

आमची मंडळी ओट्यावरून म्हणाली, "ओ भाऊ, सोडायचाच हाय तर धरता कशाला?"

"वहिनी, लोक डोंगर चढतात आणि उतरतात. डोंगर घरी आणतात का?"

तिला पटलं नाही. पण त्या दिवसापासून काठावर दोन कप चहा यायला लागला.

पहिल्या महिन्यात त्यांचा जाडजूड रॉड, मोठं रीळ, चकचकीत प्लास्टिकचा मासा, सगळं तळाच्या झावळ्यांत अडकलं. मी माझा जाड तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, पुढे केला.

"नाना, याने होडी बांधतात."

"आनि तुमचा दोरा शर्टाचं बटन पन धरनार नाय."

मग ते आमच्या पाण्याला सोसेल असं सामान घेऊन आले. हलका रॉड, मधला तंगूस, लहान गळ, मासा लागला की बुडणारा मोरपिसाच्या दांडीचा तरंग, शेंगदाण्याच्या पेंडीची गोळी. मी माझा बांबू सोडला नाही.

रोहू त्यांना लागायचा. मला तिलापिया.

मासा धरण्याआधी हात ओला करायचे. कोरड्या हाताने त्याची कातडी सोलवटते म्हणून. सोडताना त्याच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते मला कधी सांगितलं नाही.

मग एका उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाची जाड साय आली. सकाळी मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले. मी काठाने नुसता इकडून तिकडे पळत होतो. पुतण्या फवारणीचा मोरचूद घेऊन आला.

"काका, टाकतो. एका दिवसात साफ."

दळवी मध्ये उभे राहिले. "शेवाळ एकदम मेलं तर सडेल. सडताना पाण्यातली हवा खाईल. उरलेले मासे त्यानेच जातील."

"मग करायचं काय?" मी ओरडलो.

काही सुचेना म्हणून मी शिंपण्याचा पंप चालू केला आणि पाणी उंचावरून परत बावखलातच पाडलं. थोड्या वेळाने मासे त्या धारेखाली गोळा झाले.

दळवी म्हणाले, "नाना, घाबरट माणसाचं डोकं लवकर चालतं."

माझ्या घाबरटपणाचं कौतुक करणारा तो एकच माणूस.

मग आम्ही जुनी मच्छरदाणी दोन बांबूंना बांधली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. काठाकाठाने साय ओढत आलो. निघालेलं शेवाळ केळींच्या बुडाला घातलं.

पण साय पुन्हा यायची. दळवी म्हणाले, बावखलात येणाऱ्या ओघळात साबणाचं पाणी आहे, त्यावरच शेवाळ पोसतं. ते पाणी कुठून येतंय हे बघायला ओघळाच्या कडेने चालत गेले आणि स्वतःच्याच बिल्डिंगच्या पाइपापाशी पोचले.

परत येऊन त्यांनी गळ पिशवीत भरले. मग म्हणाले, "रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. तुम्ही चला. बोलू नका, नुसते बसा."

मी बसलो. दाराजवळच्या खुर्चीत.

एक जण म्हणाला, "दळवीसाहेब, तुम्हाला मासे खायचेत म्हणून आम्ही पाइप फिरवायचा?"

"आजवर एक मासा जिन्यातून नेताना दिसलो असेन तर सांगा."

मागून कोणी तरी म्हणालं, "वास तर येतो तुमच्या पिशवीला."

सगळे हसले. तेही हसले. आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले. दर मीटिंगला तेच. ज्या लोकांबरोबर रोज लिफ्टमध्ये उभं राहायचं, त्यांच्याशी असं भांडायला छाती लागते. माझी नाही. त्यांची होती.

शेवटी पाइप गटाराकडे फिरला. हसणाऱ्यांपैकीच चौघे जण पुढे रविवारी सकाळी शेवाळ ओढायला यायला लागले.

महिन्यापूर्वी दळवी सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि गेले.

दळवी वहिनींनी ती लांब पिशवी माझ्याकडे आणून दिली. "नाना, ही तुमच्याकडेच शोभेल."

मी सगळे गळ काढून बघितले. एकूण एक काटा चेपलेला.

आता पूर्वेच्या कोपऱ्यात साय धरली आहे. पाइप ठीक आहे, मी रोज बघतो. ऊन आणि कुजलेली पानं, दुसरं काय. मासे सकाळी वर यायला लागलेत. पंप चालू ठेवलाय, पण नुसत्या पंपाने भागणार नाही. पुतण्याने मोरचुदाचं नाव पुन्हा काढलं. मी नको म्हटलं. एवढ्या जोरात मी आजवर कोणाला नको म्हटलं नव्हतं.

दळवींबरोबर येणारे चौघे जण हे वाचत असतील. तुमचे नंबर त्यांच्याकडे होते, माझ्याकडे नाहीत. ते नाहीत म्हणून संकोच करू नका. चहा येईल.

दळवी, तुमचे मासे आहेत अजून. निवांत असा.

मच्छरदाणी धुऊन बांबूंना बांधून ठेवली आहे. एक टोक मी धरतो. रविवारी दुसरं कोण धरणार, ते लवकर कळवा.