पांढरं म्हणजे साफ

बाबांची उभी हयात कागद कारखान्याच्या ब्लीचिंग खात्यात गेली. तपकिरी लगदा आत, पांढरा लगदा बाहेर. निवृत्तीनंतर आम्ही लोधीपुऱ्यात राहायला आलो, पण नजर तीच. बनियन, दूध, घराची भिंत, सगळ्याला पांढरेपणावरून मार्क.

त्यांचे डोळे पिवळे झाले तेव्हा मीच बुधवाऱ्यातल्या जडीबुटीच्या दुकानातून काविळीच्या काढ्याची पुडी आणली. आई उकळायची, मी पेला घेऊन समोर उभी. दहा दिवस हेच. पिवळेपणा वाढतच होता, खाजवून खाजवून पाठीवर ओरखडे उठले होते, पण बाबा खूश. "फरक पडून राहिला बेटा," म्हणायचे. कसला फरक, हे विचारायचं मला सुचलं नाही. एरवी मी शेजारणीच्या भाजीतही नाक खुपसते.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "बाबूजी, संडासचा रंग कसा आहे?"

"एकदम सफेद," बाबा अभिमानाने म्हणाले. "काढ्यानं आतला सगळा माल साफ झाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पित्ताची नळी बंद झालेली दिसते, म्हणाले. खडा असेल तर काढता येईल. दुसरं काही असेल तर... वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

घाबरले की मी प्रश्न विचारत सुटते. "मग एवढा काढा गेला कुठे?"

डॉक्टर वैतागले नाहीत. त्यांनी कागदावर यकृत काढलं. झाडपाल्यातले कितीतरी पदार्थ यकृत रक्तातून उचलतं, त्यांना पाण्यात विरघळेल असं एक शेपूट जोडतं आणि पित्तात ढकलतं. ढकलायला पेशींच्या भिंतीत चक्क पंप असतात. पित्त आतड्यात उतरतं, तिथून सगळं बाहेर. पण काहींचं शेपूट आतड्यातले जंतू तोडतात, की स्वारी परत रक्तात, परत यकृतात. दारातून घालवलेला पाहुणा खिडकीतून हजर! मला भारी मौज वाटली आणि लगेच लाजही. शेजारी बाप पिवळाजर्द बसला होता.

"मळाला रंग येतो तो पित्तामुळेच," डॉक्टर म्हणाले. "पित्त उतरत नाही, म्हणून सफेद. नळी बंद असताना काढा पाजला, तर यकृत तो टाकणार कुठे? थोडाफार लघवीतून जाईल, बाकी मागे साचणार."

म्हणजे दहा दिवस मी पेला घेऊन उभी होते ती यासाठी. मला स्वतःचाच संताप आला.

बाबांनी त्या चित्रावर बोट ठेवलं. "म्हणजे नाली चोक," ते म्हणाले. "अन् मी पांढरं पाहून खूश."

इंदूरला नेलं. तिथे दुर्बीण घालून नळी मोकळी केली. खडाच निघाला. ते कळेपर्यंत आई स्वतःलाच दोष देत होती. काढा तिच्या हातचा होता.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी संडासातून हाक आली, "बेटा, इकडे ये! आईलाही बोलाव!"

आम्ही धावलो. बाबा दार उघडून उभे होते. पाणी टाकलं नव्हतं.

"पाहा," ते म्हणाले. "ब्लीचच्या आधीचा माल."

तपकिरी होता. चांगला तपकिरी. आईनं पदर नाकाला लावून वाकून पाहिलं. "टाका आता पाणी," म्हणाली, आणि तोच पदर डोळ्यांना लावला.